खोटा सुळका

चष्मेवाल्याच्या नव्या यंत्राचं नाव त्याच्या बायकोने 'सवत' ठेवलं होतं. यंत्र तळहातावर मावेल एवढंच, पण ते घरात आल्यापासून नवरा त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर बिचारीच्या वाट्याला लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर आली नव्हती.

दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि घरी येऊन अँटेना बांधायच्या, हे त्याचं आयुष्य. हौशी रेडिओवाल्यांना अँटेना जमली की नाही हे कळायला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लागतो. हवेत जे रेडिओ सिग्नल फिरत असतात ते तो पडद्यावर दाखवतो. तळाशी गोंगाटाचं खुरटं गवत आणि जिथे सिग्नल असेल तिथे उभा सुळका. मोठमोठ्या प्रयोगशाळांतली ही चैन आता खिशात मावणाऱ्या स्वस्त यंत्रांत मिळू लागली होती आणि चष्मेवाल्याने बायकोची बरीच मनधरणी करून एक मागवलं होतं.

स्वस्त यंत्राची एक खोड मात्र त्याला घड्याळजीने आधीच सांगून ठेवली होती. घड्याळजी म्हणजे बाजारापलीकडे राहणारा घड्याळं दुरुस्त करणारा, या नादातला त्याचा गुरू. "मोठा सिग्नल पोटात गेला की याला ढेकर येतात," तो म्हणाला होता. "नसलेले सुळके दाखवतं. शंका आली तर अँटेना आणि यंत्र यांच्या मध्ये हा पितळी तुकडा घाल. सिग्नल दहा डेसिबलने कमी करतो. खरा सुळका बरोबर दहाने बसेल. खोटा असेल तर पार झोपेल, नाहीतर गायब होईल. एवढं केल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नकोस, आणि कशावर अविश्वासही नको."

चष्मेवाल्याने यातलं पहिलं अर्धंच ध्यानात ठेवलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे ताई, त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच्या पायी स्वतःचं लग्नही राहू दिलं. मागे एकदा ती खोलीत पडली आणि बराच वेळ कुणाला पत्ताच लागला नाही. तेव्हापासून तिने पडण्याची नाही, तर कुणी न येण्याची धास्ती घेतली होती. भावाने तिच्या गळ्यात एक बटण आणून घातलं. बटण दाबून धरलं की स्वयंपाकघरातल्या फळीवरचा डबा असा केकाटायचा की शेजारी खिडक्या लावून घेत. ताईला ते गळ्यात नको होतं. "गुरासारखं वाटतं रे, धाकट्या," ती म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला, "तू फक्त दाब. मी येतो." या एका वाक्यावर तिने ते घातलं आणि आंघोळीलाही काढेनाशी झाली.

त्या दुपारी बायको बाहेर गेली होती. ताई जेवून आडवी झाली होती. वरच्या मागच्या खोलीत चष्मेवाल्याने नवी अँटेना तिपाईवर चढवली, हेडफोन कानाला लावले. घड्याळजी आपल्या घरून सिग्नल सोडणार आणि हा इकडे अँटेना फिरवून सुळका कुठे उंच होतो ते बघणार, असं ठरलं होतं.

पण पडद्यावरचं गवत गुडघाभर वाढलेलं. घरातलंच काहीतरी गोंगाट करत होतं. त्याने दिवा बंद केला, फोनचा चार्जर काढला, पंखासुद्धा बंद केला. गवत हलेना. मग तो यंत्र हातात घेऊन वास काढणाऱ्या मांजरासारखा घरभर फिरला. स्वयंपाकघरातल्या फळीजवळ गवत ताठ उभं राहिलं. चोर सापडला होता: ताईच्या डब्याचा अ‍ॅडॉप्टर.

डब्यातली बॅटरी केव्हाच फुगून निकामी झाली होती. नवी आणायची म्हणून दोघं नवरा-बायको एकमेकांवर ढकलत होते. म्हणजे अ‍ॅडॉप्टर काढला की डबा मुका. चष्मेवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं, उगाच खोटं कशाला बोला. तो ताईच्या दारापाशी गेला, डोकावला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चाचणी ती केवढी, चहाच्या आत आटपेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि अ‍ॅडॉप्टर उपटला. वर येऊन बघतो तर गवत कापल्यासारखं साफ. त्याला इतका आनंद झाला की खाली काय करून आलो हे त्याच्या डोक्यातून जिना चढतानाच निघून गेलं.

घड्याळजीने सिग्नल सोडला. पडद्याच्या मध्यभागी सणसणीत सुळका उभा राहिला. चष्मेवाला अँटेना तसूतसूने फिरवू लागला. थोड्या वेळाने त्या सुळक्याच्या उजवीकडे आणखी एक सुळका उठला. थांबला. बसला. पुन्हा उठला.

"इथे एक आगंतुक आलाय," तो माइकमध्ये म्हणाला. "वर होतो, खाली होतो."

"ढेकर असेल," हेडफोनमधून घड्याळजी म्हणाला. "माझा सिग्नल तुला जड जातोय. तुकडा घालून बघ."

"बघतो की," चष्मेवाला म्हणाला. तुकडा कपाटातल्या डबीत होता आणि कपाट खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तो काही उठला नाही. ढेकर तर ढेकर. त्याने त्या सुळक्याकडे काणाडोळा केला आणि आपल्या कामाला लागला. सुळका उठत होता, बसत होता.

मग घड्याळजीने सिग्नल बंद केला. दुकानावर गिऱ्हाईक येणार होतं म्हणून त्याने रजा घेतली. मधला मोठा सुळका नाहीसा झाला.

उजवीकडचा मात्र पुन्हा उठला.

चष्मेवाला पडद्यावर वाकला. पोटात काही नसताना ढेकर कसा येईल? पहिली भीती वाटली ती यंत्राची. आपण काहीतरी उलटंसुलटं जोडलं आणि इतक्या आर्जवांनी आणलेली वस्तू जाळून बसलो. आता बायकोला काय तोंड दाखवायचं? त्याने कपाट उघडलं, डबी शोधली, पितळी तुकडा मध्ये फिरवून बसवला आणि वाट बघत राहिला.

सुळका उठला. बरोबर दहाने बुटका.

म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. सुळका खरा होता, कुणीतरी खरोखर सिग्नल सोडत होतं. त्याने अँटेना रस्त्याकडे वळवली, मग शेजाऱ्यांच्या गच्चीकडे. सुळका खुजाच राहिला. त्याने ती तिपाईवरून सोडवून हातात घेतली. उचलताना तिचं तोंड जमिनीकडे झुकलं आणि सुळका एकदम पडद्याच्या माथ्याला भिडला.

तो तसाच उभा राहिला. अँटेना खोलीच्या मागच्या कोपऱ्याकडे, फरशीकडे रोखलेली होती. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली ताईची न्हाणी होती.

सुळका बसला. यावेळी बराच वेळ उठला नाही. मग उठला तो जेमतेम टिकला. आता त्यात जोर नव्हता, दमलेल्या माणसाच्या श्वासासारखं काहीतरी होतं. इतका वेळ आपण काय बघत होतो हे चष्मेवाल्याला कळलं. गळ्यातलं बटण दाबून ती हाक मारत होती. पहिल्यापासून. आणि तो तिची हाक डोळ्यांनी बघत, तिला ढेकर म्हणत बसला होता.

हेडफोनची वायर मानेला हिसका देऊन तुटली. जिना तो उतरला की गडगडला, हे त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. पलंग रिकामा होता. न्हाणीचं दार ढकललं तर आतून काहीतरी अडत होतं. ते तिचे पाय होते.

"ताई," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. आतून काहीच आलं नाही. त्या क्षणी त्याच्या मनात जे आलं ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. त्याने दार इंचाइंचाने लोटलं आणि फटीतून अंग आत घातलं.

ती ओल्या फरशीवर कुशीवर पडली होती. ओठ पांढरे. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. उजवी मूठ छातीशी आवळलेली आणि अंगठा बटणावर.

तिने डोळे उघडले. "आलास?" ती पुटपुटली.

"आलो ना, ताई. हलू नकोस. मी डॉक्टरांना बोलावतो."

"मला ठाऊक होतं," ती अडखळत म्हणाली. "ओरडायला जीव नव्हता. कान नुसते गुणगुणत होते, काही ऐकू येत नव्हतं. पण म्हटलं, तिकडे वाजतंय. वाजतंय म्हणजे धाकटा येणारच. उशीर झाला तर काही कामात असेल." तिने त्याचा हात डाव्या हाताने घट्ट धरला. "तुला त्रास दिला रे. किती वेळ वाजत असेल ते."

चष्मेवाल्याने तो हात तसाच धरून ठेवला. डाव्या हाताने खिशातला फोन काढून त्याने दवाखान्याची गाडी बोलावली. नंतर सांगू, तो मनात म्हणत होता. बरी झाली की सांगू. कदाचित सांगायची गरजही पडणार नाही, कोण बघायला गेलंय. जीव वाचल्याच्या आनंदात त्याला एक घाणेरडं हायसं वाटलं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. बायको आली होती. पिशव्या ठेवल्याचा आवाज आला, मग तिचं बडबडणं. "अहो, हे काय करून ठेवलंत? सवतीसाठी डब्याचा अ‍ॅडॉप्टरच काढलात की काय?" आणि तिने अ‍ॅडॉप्टर जागेवर लावला.

डबा घर फोडून केकाटू लागला.

ताई दचकली. तिने आपल्या मुठीकडे पाहिलं. अंगठा अजून बटणावरच होता. तिने तो उचलला. डबा गप्प झाला. तिने पुन्हा दाबलं, डबा केकाटला. पुन्हा उचलला.

मग तिने भावाकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी अंधारात चाचपडत तो तिला शोधायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते आता तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आत्ता वाजतोय," ती म्हणाली.

आणि त्याच्या हातातला आपला हात तिने हळूच काढून घेतला.