गॅस्परच्या हाताची बाहेरची रेघ

जन्मले त्या क्षणी मी एक नेम धरला होता. आईपासून पाव इंच अंतर ठेवीन, कमी नाही की जास्त नाही. ती वळेल तिथे वळेन, ती वाढली तर वाढेन. खरं सांगायचं तर हा नेम माझ्याकडून धरवून घेतला गेला. पण कुणी का धरवेना, पाळायचा तर आपल्यालाच असतो.

मी एक रेघ बोलतेय. संगणकावर आराखडे काढायचा जो प्रोग्रॅम असतो, त्याच्या पडद्यावर माझं घर. तिथे एक रेघ काढली, की ठरावीक अंतर राखून तिच्यासोबत चालणारी दुसरी काढता येते. या दुसरीला ऑफसेट म्हणतात. मी ती दुसरी. पहिली ती माझी आई, आणि माझी आई म्हणजे गॅस्पर नावाच्या माणसाच्या उजव्या हाताची कड.

ग्रेटना नावाच्या गावात, नदीच्या अलीकडच्या काठावर, गॅस्पर आणि त्याची बायको निन्फा राहतात. गॅस्परचं आयुष्य जहाजांच्या कारखान्यात आराखडे काढण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर त्याने संगणक घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी मांडला. निन्फाही त्यावर थोडंफार शिकली. वाचनालयात एक यंत्र आहे, त्यात आराखडा घातला की प्लॅस्टिकची वस्तू तयार होऊन निघते. नाताळच्या बिस्किटांसाठी ती तारे आणि मासे कापायचे साचे असेच करून आणायची.

मागच्या पानगळीत गॅस्पर टोमॅटोच्या वाफ्यात कोसळला. अर्धं अंग गेलं. इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर बसून निन्फाने संत जोसेफला नवस बोलला, की याला घरी येऊ दे, तुझ्या सणाला मी याच्या उजव्या हातासारखा हुबेहूब ब्रेड तुझ्या वेदीवर ठेवीन.

गॅस्पर घरी आला. पाय चालू लागले, जीभही सावकाश का होईना वळू लागली. उजव्या हाताची बोटं मात्र एकमेकांना चिकटून राहिली ती राहिलीच. हात उचलता यायचा, टेकवता यायचा, बोटं उघडायची नाहीत. त्या दिवसापासून तो संगणकापाशी गेला नाही. त्याची खुर्ची रिकामीच राहिली. निन्फा काम करायला बसली की स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून घ्यायची. त्याच्या खुर्चीत ती बसायची नाही.

संत जोसेफचा सण मार्चात येतो. नवसाच्या वेदीचं सामान विकत आणायचं नसतं, शेजारीपाजारी मागून आणायचं असतं. निन्फा टोपली घेऊन निघाली, सोबत गॅस्परची थोरली बहीण लूसिल. कुणी पीठ दिलं, कुणी सुके अंजीर, कुणी तेल. लूसिल जिभेची तिखट, पण टोपलीचं ओझं तीच घ्यायची.

संत जोसेफ सुतार, म्हणून त्याच्या वेदीवर शिडीच्या, करवतीच्या, हातोडीच्या आकाराचा ब्रेड तर असतोच. जे अवयव संताने सांभाळले त्यांचेही ब्रेड बाया करतात. बहुतेकजणी कणीक हाताने वळतात. पण निन्फाने हुबेहूब असा शब्द दिला होता, आणि हाताने वळलेला हात कुणाचाही असू शकतो. म्हणून साचा करायचं ठरलं.

लूसिल म्हणाली, "अगं, तुझा संत सुतार होता. त्याला पटाशी नि रंधा कळायचा. तू त्याच्यासाठी संगणक उघडून बसलीस होय?"

"त्याला माप कळायचं," निन्फा म्हणाली, आणि स्टूल पुढे ओढलं.

तिने गॅस्परचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढली होती. त्या कागदाचा फोटो संगणकात घेऊन ती त्यावरून बिंदू बिंदू जोडत गेली. अशी माझी आई तयार झाली.

आणि इथे एक चूक झाली. ती चूक फक्त नवस बोललेलं माणूसच करू शकतं.

या प्रोग्रॅममध्ये रेघांना बंधनं घालता येतात. ही रेघ आडवीच राहील, हे दोन बिंदू जोडलेलेच राहतील, अशी. त्यातलं एक बंधन कुलपाचं. ज्या बिंदूला कुलूप लावलं तो जागचा हलत नाही. निन्फाला भीती होती की एखादा बिंदू चुकून सरकेल, हात जरा जास्त देखणा होईल, आणि संताला दिलेला शब्द मोडेल. म्हणून तिने एकूण एक बिंदूला कुलूप घातलं. मनोभावे घातलं, एकेकावर क्रूस काढावा तसं.

पण फोटोतला हात खऱ्या हातापेक्षा लहान आला होता. निन्फाने शिवणाची टेप घेतली, गॅस्परचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला आणि ते माप प्रोग्रॅमला सांगितलं. त्याबरोबर आई लालभडक झाली. एकीकडून जागची हलू नकोस म्हणायचं, दुसरीकडून मोठी हो म्हणायचं. बिचारीने ऐकावं कुणाचं?

निन्फाने माप पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. तिने जपमाळ काढली आणि पडद्याकडे बघत पुटपुटत राहिली.

"माळेने नाही व्हायचं ते," लूसिल अंजीर चिरता चिरता म्हणाली. "त्या यंत्राचा बाप्तिस्मा झालेला नाही."

गॅस्पर पलीकडे पाठ करून बसला होता. तसाच, मान न वळवता, तो म्हणाला, "कुलपं कुठे कुठे लावलीस?"

त्या कोपऱ्यातल्या कामाबद्दल तो कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बोलत होता. निन्फाने माळ खाली ठेवली.

"सगळीकडे."

"का?"

"तुझा हात बदलू नये म्हणून."

  गॅस्पर म्हणाला, "मनगटाचं तेवढं राहू दे. नाहीतर आख्खा हात भटकत जाईल पडद्यावर. बाकीची काढ. एकदम नको, एकेक काढ. काढलं की जरा ओढून बघ, काय हलतं ते. आणि काढण्याआधी स्वतःला विचार, हे कशाला लावलं होतं."

निन्फा एकेक कुलूप काढत गेली. लाल रंग ओसरला. शेवटी माप पुन्हा लिहिल्यावर माझी आई मनगट न सोडता हळूच मोठी झाली, गॅस्परच्या हाताएवढी.

आता मी जन्मायची होते. साच्याची धार आईवर उभी राहणार, आणि कणकेवर दाबताना तळव्याला टेकायला वरून पाव इंच रुंद काठ हवा. त्या काठाची बाहेरची हद्द ती मी. निन्फाने अंतर लिहिलं आणि मला बोलावलं.

मी येऊ शकले नाही.

त्याचं कारण बोटांमधल्या फटी. चिंचोळ्या गल्लीच्या दोन्ही भिंतींपासून पाव पाव इंच सोडून चालायचं, आणि गल्ली मुळातच अर्ध्या इंचाची नाही, तर दोन बाजूंनी येणारी मी माझ्यावरच आदळणार. प्रोग्रॅम इतकं समजावत बसत नाही, तो नुसतं नाही म्हणतो. निन्फाने अंतर कमी कमी करत पाहिलं. केसाएवढं धरलं तेव्हा मी आले, पण तेवढा काठ दाबताना तळव्यात रुतला असता, नाहीतर तुटला असता. तिने मला पुसून टाकलं. त्या येण्याला मी जन्म म्हणत नाही.

"बोटं उघडी काढ," गॅस्पर म्हणाला. "फटी रुंद झाल्या की होईल."

"तुझी बोटं उघडी नाहीत."

"आराखड्यात तर उघडता येतात ना. सगळं गाव जेवायला येणार त्या दिवशी. वेदीवर सगळ्यांसमोर माझा हा खुळा हात मांडणार आहेस?"

निन्फाचा आवाज चढला नाही. "संताने मला उघडा हात परत दिला नाही, गॅस्पर. जो दिला त्याचेच आभार मानायचेत मला."

तो उठला आणि मागच्या अंगणात गेला. निन्फाने संगणक बंद केला.

पुढचे काही दिवस कुणी त्या कोपऱ्याकडे फिरकलं नाही. सण जवळ येत चालला. लूसिलने दुकानातून हाताच्या आकाराचा तयार साचा आणून ओट्यावर ठेवला. पाचही बोटं पसरलेली, टाटा करणाऱ्या लेकरासारखी. "हा घे आणि मोकळी हो," ती म्हणाली. "संत काय फूटपट्टी घेऊन येणार आहे?" निन्फाने साचा धुतला, पुसला आणि कपाटात ठेवला.  त्या दिवशी तिने पीठही चाळायला घेतलं नाही, आणि ते गॅस्परला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निन्फा दूध आणायला गेली होती. गॅस्पर एकटाच टेबलापाशी आला. तो कड काढलेला कागद तिथेच पडला होता. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून कागदावर, त्या कडेच्या आत ठेवला आणि बघत राहिला. मग हात खिडकीसमोर धरला.

निन्फा आली तेव्हा तो तसाच उभा होता.

"इकडे ये," तो म्हणाला. "माझ्या बोटांतून उजेड दिसतो का?"

तिने वाकून पाहिलं. "नाही."

"मग तुझी पेन्सिल आत शिरली कुठून?"

निन्फाने कागदाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा कागदाकडे. बोटांच्या मध्ये फटी नव्हत्याच. हात म्हटला की त्याला फटी असतात, सगळे तसाच काढतात, म्हणून तिच्या पेन्सिलीनेही आपणहून काढल्या होत्या. हुबेहूब म्हणता म्हणता तिने त्याची बोटं उघडून ठेवली होती, आणि मी नेमकी तिथेच अडत होते.

"म्हणजे खोटं मीच काढलं," ती म्हणाली.

"खोटं कसलं. तुला मी तसा आठवत होतो."

आणि मग तो आपल्या खुर्चीत बसला.

माउसवर त्याने उजवा हात ठेवला. बोटं उघडायला लागत नाहीत, हात टेकवला तरी माउस सरकतो. बटण दाबायला त्याने डावा हात वापरला. फटींच्या रेघा त्याने एकेक करून काढून टाकल्या. एका बोटाच्या टोकावरून शेजारच्या बोटाच्या टोकावर छोटी कमान टाकली. अंगठ्याच्या बेचक्यात जो टोकदार कोपरा होता तो मला वळता यावं इतका गोल केला. निन्फा स्टुलावर बसून बघत होती. जपमाळ हातात होती, मणी मात्र पुढे सरकत नव्हते.

गॅस्परने अंतर लिहिलं, पाव इंच.

मी जन्मले. लाल झाले नाही, कुठे आदळले नाही. मनगटाच्या एका बाजूने निघाले, बोटांवरून वळले, अंगठ्याला फेरी घालून दुसऱ्या बाजूला येऊन थांबले. आणि तो नेम धरला.

वाचनालयातून साचा आला तो सणाच्या आदल्या दिवशी. आता मी पडद्यावरही होते आणि साच्याच्या काठावरही. ओट्यावर कणीक लाटून तयार होती. निन्फा साचा दाबायला पुढे झाली आणि थांबली. तिने तो कणकेवर अलगद ठेवला आणि बाजूला सरकली.

गॅस्परने आपला उजवा हात माझ्यावर ठेवला. हाताखाली हाताचाच आकार होता. त्याने भार टाकला. धार खाली उतरत गेली. हाताचा भार किती असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

साचा उचलल्यावर खाली चार बोटं एकत्र मिटलेली होती. गॅस्परने डाव्या हातात सुरी घेतली आणि बोटांच्या मधल्या रेघा वरवर ओढल्या. डाव्या हाताला सवय नव्हती, एक रेघ वाकडी गेली. तो ती पुसायला निघाला तेव्हा निन्फाने त्याचं मनगट धरलं.

लूसिल जवळ येऊन बराच वेळ बघत राहिली. "आमच्या गॅस्परचाच आहे," ती म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "नखं काढायची राहिली."

सणाच्या दिवशी तो ब्रेड पांढऱ्या कापडावर, शिडी आणि करवतीच्या मधोमध मांडला होता. पाद्रीबाबांनी वेदीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. लोक आले, शेवयांवर पावाचा भुगा घालून जेवले, वेदीवरच्या वाळलेल्या वालाचा एकेक दाणा शुभ म्हणून खिशात टाकून गेले. हात कुणाचा, हे कुणाला विचारावं लागलं नाही. गॅस्पर वेदीपाशी खुर्ची टाकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर, सगळ्यांसमोर. जेवणं झाल्यावर हात मोडून वाटला गेला, कुणाला अंगठा मिळाला, कुणाला मनगट. नवसाचं असंच करायचं असतं.

आता साचा चुलीमागच्या खिळ्यावर लटकलेला असतो, आणि मी संगणकात. बोटं अजून उघडलेली नाहीत. निन्फा म्हणते उघडतील, आणि रोज त्यांना कोमट तेल लावते. सकाळची कॉफी झाली की गॅस्पर आपल्या खुर्चीत येऊन बसतो. शेजारणीसाठी, चर्चसाठी काहीबाही काढत असतो. कधीकधी मला उघडतो, आईचा एखादा बिंदू जरासा ओढतो आणि मी मागोमाग येते का ते बघतो. मी येते. मग तो बिंदू होता तिथे ठेवतो.

माझं मागणं एवढंच आहे. तुम्हीही एखाद्या माणसाच्या बाबतीत असा नेम धरा. मनगटापाशी एक कुलूप पुरे, बाकीची काढून टाका. आणि कड काढायला बसाल, तेव्हा आधी त्याचा हात उजेडात धरून बघा.