एंटर दाबा, वर चला

मी एंटर बोलतोय. कीबोर्डच्या उजव्या अंगाला ऐसपैस बसलेला असतो ना, तोच. बाकीची बटणं आपापलं एकेक अक्षर सांभाळून असतात. त्यांच्या कामावर शेवटचा शिक्का मारतो तो मी. एवढा मान असल्यावर थोडा तोरा येणारच. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली ती पनवेलच्या एका दुकानात. तिथून मला उदयसिंह साहेबांनी उचललं. साहेबांचा धंदा ट्रेलरचा. न्हावा शेवा बंदरातून कंटेनर आणायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे. दुकानदाराशी भरपूर घासाघीस करून त्यांनी मला घेतलं, आणि वर एक माऊसपॅड फुकट मागून घेतला. मालक कसा आहे ते मला तिथेच कळलं.

तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता, मी बोटांवरून. साहेब मला तळहाताने हाणायचे, जणू मी डास. त्यांचा भाचा राजस एका बोटाने टोचायचा, कारण दुसऱ्या हातात मोबाईल. कुमुदताई मात्र करंगळीने अलगद दाबायच्या. कॉम्प्युटरच्या तक्त्यात सगळी नोंद त्याच करत. नजर हातातल्या चिठ्ठ्यांवर, स्क्रीनकडे ढुंकूनही नाही. ठिकाण टाईप केलं, मला दाबलं, की कर्सर खालच्या चौकटीत. पुढचं ठिकाण, पुन्हा मी, पुन्हा खाली. आमचं छान जमलं होतं.

ताई कंत्राटावर होत्या. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे कायम होण्याकडे डोळे लागलेले. दिवाळीला कायम करतो, असं साहेब सांगायचे. कुठल्या दिवाळीला, ते मात्र सांगत नसत.

अशात दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी ट्रेलरना झेंडूच्या माळा, टायरखाली लिंबू आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू. साहेबांनी माझ्या कपाळाला गंध लावलं, अक्षता टाकल्या आणि शुभारंभ म्हणून मला दाबलं. कर्सर खाली गेला. पुन्हा दाबलं. आणखी खाली. साहेबांचा चेहरा उतरला. वर्षभर धंदा का बसला होता, याचा उलगडा त्यांना म्हणे त्या क्षणी झाला.

"राजस, हा सारखा खाली काय जातोय? सणाचा दिवस आहे. वर ने त्याला."

राजसने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्यात बाकी काय शिकला देव जाणे, पण मामाला उलट प्रश्न विचारायचा नसतो हे पक्कं शिकला होता. सेटिंगमध्ये जाऊन त्याने दिशा बदलली. मला दाबलं की कर्सर वर! साहेबांनी पेढे वाटले. कुमुदताई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. रोज मला दाबणाऱ्या बाईला हे सांगायला हवं, असं कोणाच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. गाड्यांचे नंबर आणि ड्रायव्हरांची नावं आधीच ओळीने भरलेली. त्यांच्यासमोर 'माल कुठे' या मथळ्याखाली ठिकाणं तेवढी टाकायची होती. ताईंनी पहिल्या चौकटीत द्रोणागिरी टाईप केलं आणि मला दाबलं. कर्सर चढला तो थेट मथळ्यावर. त्याच्या वर जागाच नाही, तेव्हा तिथेच ठिय्या. ताई सवयीने टाईप करतायत, मी दबतोय, आणि प्रत्येक ठिकाण आधीच्याला पुसून त्याच जागी बसतंय. माझा जीव नुसता तळमळत होता, पण बटणाला कुठलं आलंय तोंड? शेवटची चिठ्ठी नेऱ्याच्या एका फार्महाऊसची, सोफ्यांची होती. त्यामुळे मथळ्यावर उरलं फक्त 'नेरे'. ताई काम संपवून वरच्या मजल्यावर सह्या घ्यायला गेल्या.

ड्रायव्हरांना फोन करणं हे राजसचं काम. त्याने पाहिलं तर एका गाडीसमोर द्रोणागिरी, बाकी रकाना कोरा, आणि वर ठळक अक्षरांत नेरे. शंका यायला हातातला मोबाईल खाली ठेवावा लागतो. त्याने एक गाडी द्रोणागिरीला पाठवली, उरलेल्या सगळ्या नेऱ्याला, आणि झाला मोकळा.

दुपारी सुदामचा फोन आला. सुदाम आमचा जुना ड्रायव्हर. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, आमी समदे नेऱ्यात हाव. गाडी पुढं जात नाय, मागं जात नाय. फार्मवाला विचारतो, सोफा मागवला तर अख्खं बंदर कशाला आनलं?"

साहेब भडकले. ताईंना खाली बोलावून त्यांनी सगळ्यांसमोर नाही नाही ते सुनावलं. कामात लक्ष नाही आणि म्हणे कायम करा, उद्यापासून येऊच नका, इथवर मजल गेली.

ताईंनी शांतपणे खुर्ची ओढली, एक अक्षर टाईप केलं आणि मला दाबलं. कर्सर वर. पुन्हा दाबलं. पुन्हा वर. राजस स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. साहेबांची नजर माझ्या कपाळावरच्या गंधावर खिळली. सगळ्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता साहेब चूक कबूल करणार. किती भोळा मी! चारचौघांत तोंडघशी पडलेला मालक, ज्याने पाडलं त्याला कधी माफ करत नाही. ताईंची नोकरी आता नक्की जाणार होती.

हे ताईंनी माझ्याआधी ओळखलं.

"तुमची काही चूक नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "कीबोर्डच बिघडलाय. एंटर नादुरुस्त आहे."

मी? इतकी वर्षं त्या करंगळीखाली इमानाने राबलो, आणि नादुरुस्त मी? राग आला, फार आला. साहेबांचा मात्र जीव भांड्यात पडला. मी म्हणतच होतो, असंही म्हणाले.

"मग नवा मागवा," ताई त्याच सुरात म्हणाल्या. "आणि मला कायम करताय ना, तेही आत्ताच सांगून टाका. सुदामभाऊ फोनवर आहेत, तेही ऐकतील."

साहेब हो म्हणाले. पलीकडून सुदामने ताईंचं अभिनंदनही केलं.

आता मी जिन्याखालच्या खोक्यात पडलेला असतो. शेजारी तो फुकटचा माऊसपॅड. नव्या एंटरला ताईंनी पहिल्याच दिवशी गपचूप खालची दिशा लावून दिली. धंदा बरा चाललाय म्हणतात. पुढच्या दसऱ्याला त्यालाही खुशाल कुंकू लावा, पेढे वाटा. फक्त त्याने कुठे जायचं, ते त्याच्यावर जिची करंगळी असते तिला विचारा.

परवा ताई सुतळी शोधायला खोक्याशी आल्या. मला बघून थबकल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि करंगळीने एकदा अलगद दाबलं. कर्सर कुठेच नव्हता. तरी मी पूर्ण खाली गेलो, आणि त्यांच्यासाठी परत वर आलो.