जमीन तुमची, घर माझं

नूरचाया रस्त्याकडेला वाळत घातलेलं भात पायांनी वरखाली करत होती, तेव्हा हाजी बेद्दूची मोटरसायकल येऊन थांबली. पुढचं चाक ताडपत्रीवर चढलं. काही दाणे करकरत चिरडले. तिने ते पाहिलं.

"उलेंगची आई, तुला एक सांगायचं होतं," हाजी म्हणाला. "ती जागा मी विकली. तुझ्या घराखालची."

"विका की. जागा तुमचीच आहे. कधी हलायचं तेवढं सांगा, घर उचलून नेते."

"घर राहू दे. घरासकट दिलीय."

नूरचायाचे पाय भातातच थांबले.

"मकास्सरचा माणूस आहे," हाजी सांगू लागला. "त्याला खरं तर ते घरच आवडलंय. जुने खांब, कोरीव खिडक्या. शहरात नेऊन खानावळ काढणार म्हणे. शनिवारी ट्रक येतोय. मी शब्द देऊन बसलोय. तुला काही रिकाम्या हाताने घालवणार नाही, काळजी करू नकोस."

"तुमच्या वडिलांनी माझ्या बापाला जागा वापरायला दिली होती, हाजी. घर नव्हतं दिलं. ते लाकूड त्याने डोंगरातून स्वतः आणलंय."

"आणलं असेल. पण इतकी वर्षं उभं कुणाच्या जमिनीवर आहे? जे ज्याच्या जमिनीवर उभं, ते त्याचं. शहरात असंच धरतात."

नूरचायाने मोटरसायकलच्या चाकाकडे बोट दाखवलं. "ही माझ्या भातावर उभी आहे. माझी झाली का?"

शेजारच्या ताडपत्रीवर हालिजा बसली होती. ती इतक्या जोरात हसली की तिला ठसका लागला. हाजीने गाडी मागे घेतली. "शनिवारी," एवढंच म्हणून तो निघून गेला.

खरं म्हणजे हाजीला सगळं ठाऊक होतं. या गावात जमीन एकाची, तिच्यावरचा नारळ दुसऱ्याचा आणि त्या नारळाच्या सावलीतलं घर तिसऱ्याचं, असं असायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घरं उंच खांबांवर असत, पण ते खांब जमिनीत गाडत नसत. सपाट दगडांवर ते नुसते टेकवलेले असत. भावाभावांत बिनसलं, जावयाने सासऱ्याजवळ राहायचं ठरवलं, पुराचं पाणी फार जवळ यायला लागलं, की गाव जमायचं आणि घर खांद्यावर घेऊन दुसरीकडे ठेवायचं. म्हणून घराची गणती होडीत, गुरांत व्हायची, शेतात नाही. हाजीच्या वडिलांचं घरसुद्धा दोनदा हललं होतं.

नूरचायाकडे आईकडून आलेली एक पट्टी होती, पाटाच्या पलीकडे, मक्याची. जागा होती. घर होतं. एक दुसऱ्यावर नेऊन ठेवायला हवे होते ते खांदे.

संध्याकाळी ती ताजांगआजोबांकडे गेली. गावातली निम्मी घरं त्यांनी बांधली होती आणि घर हलवायचं म्हटलं की हुकूम त्यांचाच चाले.

"खोलून नेलं तर?" तिने विचारलं.

"आठवडा जाईल. ट्रक शनिवारी येतोय म्हणतेस." त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "उद्या नाही, परवा शुक्रवार. नमाज झाला की सगळे पुरुष एका जागी असतात. बांबू मी आणि माझा जावई सकाळीच बांधून ठेवतो. पण पोरी, बांबू बांधून घर हलत नाही. माणसं येतील का?"

गावात हाजीचं शेत वाट्याने न कसणारी माणसं शोधावीच लागली असती.

एरवी अशी गोष्ट मशिदीच्या भोंग्यावरून सांगितली जाई. गुरुवारी भोंगा बिघडला. सकाळची बांग त्यावरूनच झाली होती आणि संध्याकाळचीही त्यावरूनच होणार होती. मधल्या वेळात, नूरचाया गेली तेव्हा, तो तेवढा बिघडलेला होता. ती परत आली, धुतलेली लुंगी नेसली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि घरोघर निघाली.

बहुतेकांनी "बघू" म्हटलं. एकाची कंबर धरली होती. एकजण घरातच नव्हता, फक्त त्याचा खोकला होता.

सुपू कोंबड्यांना दाणे टाकत होता. तिला पाहून आणखी मन लावून टाकू लागला.

"ताई, तू बोलायच्या आधी ऐक. हाजीने सकाळीच सांगून ठेवलंय. जो बांबूला खांदा लावेल, त्याला पुढच्या हंगामात शेत नाही."

"मग?"

"मग काय? माझ्याकडे दुसरं शेत आहे का?"

"मी शेत मागायला नाही आले, सुपू. खांदा मागतेय. तुझं घर नदीकाठून इकडे आणलं, तेव्हा उलेंगचे बाबा कुठल्या कोपऱ्याला होते?"

सुपूने हातातले दाणे एकदम टाकून दिले. "मागच्या. डाव्या."

"म्हणजे आठवतंय."

"आठवतंय गं. पण ते घर उचलताना कुणी धमकी दिली नव्हती."

"बरं. येत नसशील तर नको येऊस. जेवायला मात्र ये. मासे तुझ्याही वाटणीचे शिजणार आहेत. हवं तर तोंड फिरवून खा."

घरी येताना तिला वाटलं, फार बोलले. मग वाटलं, कमीच बोलले.

शुक्रवारी पहाटेपासून हालिजा आणि आणखी चौघी अंगणात चुली मांडून बसल्या. नारळाच्या रसातले मासे, भात, केळीच्या पानात उकडलेली गोड केळी. ताजांगआजोबांनी जावयाला घेऊन खांबांना आडवे-उभे बांबू बांधले. प्रत्येक गाठीवर ते दोन्ही पायांनी उभे राहून पाहत होते. वजन सगळ्या खांबांवर सारखं नसतं, चुलीची बाजू नेहमी जड, म्हणून तिकडे त्यांनी बांबू दुहेरी लावला. नूरचायाने भांडी, आरसा, शिवणयंत्र, जे जे फुटण्यासारखं आणि पडण्यासारखं, ते खाली उतरवलं.

नमाज सुटला. पुरुष आले. पण रस्त्याच्या पलीकडे, सावरीच्या झाडाखाली थांबले. ना बसले, ना पुढे आले. लग्नात न बोलावता आलेली माणसं उभी राहतात, तसे उभे. बांबू इकडे, खांदे तिकडे, मध्ये रस्ता.

नूरचाया दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. बोलावलं नाही. एकदा बोलावून झालं होतं.

मग हाजी बेद्दू आला. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. गर्दी पाहून त्याला बरं वाटलं असावं, कारण तो मुद्दाम मोठ्याने बोलला, "कुणाला काही कष्ट नकोत. मी माझ्या घरात जाऊन बसतो. बघू माझ्यासकट कोण उचलतं ते!"

आणि तो तरातरा जिन्यापाशी आला.

जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचा माठ होता. हाजीने चपला काढल्या. करवंटीने पाणी घेतलं, आधी उजव्या पायावर ओतलं, मग डाव्या. एक हात कठड्यावर ठेवला, मान वर केली, "अस्सलामु अलैकुम" म्हणाला आणि थांबला.

वरून "वर या" असं ऐकल्याशिवाय इथे कुणी कुणाच्या घराची पायरी चढत नाही. रांगायचं संपून चालायला लागल्यापासून हाजीने प्रत्येक परक्या जिन्यापाशी हेच केलेलं. डोक्याने काय ठरवलंय हे पायांना कळायच्या आत पायांनी आपलं काम उरकलं होतं.

नूरचायाच्या ओठांवरही "वर या" आलंच होतं, त्याच सवयीने. तिने ते गिळलं. सलामाला उत्तर देणं भाग होतं, ते दिलं. तेवढंच.

हाजी उभा. पायांवरून पाणी ओघळून खालच्या मातीत मुरत होतं. झाडाखालची कुजबुज बंद झाली. आता सगळ्यांनीच पाहिलं होतं.

चुलीजवळून हालिजाचा आवाज आला, "अहो हाजी, स्वतःच्याच घरात जायला परवानगी कसली मागताय?"

आधी बायका हसल्या. मग झाडाखालून कुणीतरी ओरडलं, "घरी पण असंच उभं करतात वाटतं हज्जावहिनी!" आणि मग तो कंबर धरलेला माणूस, ज्याला वाकता येत नव्हतं, तो वाकून हसला.

हाजीचा चेहरा लाल झाला. त्याने दात आवळले आणि एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

हसू तिथेच थांबलं. विधवा बाई, लेकरू परगावी, घरात एकटी, आणि तिने बोलावलं नसताना तिच्या जिन्यावर पुरुषाचा पाय. असल्या गोष्टीवरून या भागात सुऱ्या निघाल्या आहेत आणि सुरी काढणाऱ्याला कुणी नावं ठेवलेली नाहीत. हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

सुपू रस्ता ओलांडून आला. हाजीपासून हातभर अंतरावर थांबला. हळूच म्हणाला, "हाजी, पाय खाली घ्या."

"तू मला सांगतोस? तू?"

"विनंती करतोय. पाय खाली घ्या."

"राहू दे रे सुपू," नूरचाया वरून म्हणाली. "मी म्हणते की 'वर या'. मनापासून म्हणते. हाजी, पाहुणे म्हणून या, कॉफी घ्या. फक्त या सगळ्यांसमोर एवढं म्हणा, नूरचायाच्या घरी आलोय."

हाजीने पाय खाली घेतला. धुतलेल्या पायाला आता मातीचा लगदा लागला होता. तसाच तो चपलेत घालताना एकदा घसरला. कुणी हसलं नाही.

"पुढच्या हंगामात, सुपू, तुला माझं शेत दिसणार नाही."

"बरं. माझं काढा," सुपू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, हे नूरचायाला वरूनही दिसलं. पण तो बोलत राहिला. "मग याचं काढा. मग त्याचं काढा. सगळ्यांचीच काढा. पाणी सुटलं की चिखलणीला तुम्ही आणि हज्जा उतरा. आम्ही बांधावर बसून बघतो."

त्याने सदरा काढला, डोक्याला गुंडाळला आणि मागच्या डाव्या कोपऱ्याचा बांबू धरला. सगळ्यांत जड कोपरा, चुलीचा. त्याच्यामागून झाडाखालची सावली रिकामी व्हायला लागली. एकेक करून नाही, एकदम. एकट्याने पुढे जायची भीती होती, आणि आता एकट्याने मागे राहायची होती.

"पोरी, उतर खाली," ताजांगआजोबा म्हणाले.

"मी नाही उतरणार."

"अगं, वजन वाढतं."

"मी उतरले की हे रिकामं घर झालं. रिकाम्या घराला कुणीही आपलं म्हणेल. तेवढं माझं वजन सोसा."

"चांगलं जेवतेस तू, ताई," खालून कुणीतरी म्हणालं. "आधी सांगितलं असतंस तर दोन माणसं जास्त आणली असती."

ती मधल्या खांबापाशी जाऊन बसली. तो घराची नाभी. घराच्या मालकिणीची जागा तीच. खांबाला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली.

"एक... दोन..." आणि तिसऱ्याला गावाने एकच आरोळी ठोकली. फळ्या कुरकुरल्या. छपराचे पत्रे खणखणले. मग सगळे आवाज थांबले आणि होडी किनाऱ्यावरून सुटते, तसं घर दगडांवरून सुटलं.

खिडकीतून नारळाचं झाड मागे गेलं. शेजाऱ्यांचं अंगण मागे गेलं. ज्या खिडकीतून तिने जन्मभर एकच कुंपण पाहिलं होतं, त्या खिडकीत आता सगळं गाव येऊन जात होतं. दुकान. भाताच्या ताडपत्र्या. रस्त्यावर आडवी आलेली विजेची तार. ती एकाने आढ्यावर चढून सुक्या बांबूने वर उचलून धरली, आणि घर खालून सरकलं. आणि मग हाजी बेद्दू. तो रस्त्याच्या कडेला मोटरसायकलचं हँडल धरून उभा होता. खिडकी त्याच्या डोक्याच्या वरून गेली. तो तिच्याकडे पाहत होता, तीही पाहत होती. तिने नजर वळवली नाही. त्यालाच मान वर करायला लागत होती.

पाटाच्या पुलापाशी एक कोपरा खचला. घर कलंडलं. चुलीखालची राख फळ्यांच्या फटींतून सुपूच्या डोक्यावर सांडली. "अरे, धरा रे!" ताजांगआजोबा किंचाळले. क्षणभर सगळंच तिरकं लटकलं. मग मागोमाग येणाऱ्या बायका धावल्या, हालिजा सगळ्यांत पुढे, हाताला मसाला तसाच, आणि बांबूखाली घुसल्या. बायकांनी खांदा लावायची रीत नव्हती. घर पुन्हा सरळ झालं.

मक्याच्या पट्टीत दगड मांडून ठेवले होते. घर त्यांच्यावर येऊन थांबलं, अजून खांद्यांवरच. पुरुषांच्या धापा फळ्यांतून वर ऐकू येत होत्या.

"दार पूर्वेला ना?" ताजांगआजोबांनी खालून विचारलं. "तशीच रीत आहे. टेकवू का?"

नूरचाया दारात आली. पूर्वेला मका होता, मग मकाच. उजव्या हाताला तो रस्ता होता, ज्याने हाजीला गिरणीत, मशिदीत, बाजारात, कुठेही जायचं झालं तरी जावंच लागे.

"नको. दार रस्त्याकडे फिरवा."

"आता?" दहाबारा आवाज एकदम आले.

"आता नाही तर काय, ठेवल्यावर?"

"अगं बाई, खांदा निखळला माझा!"

"मासे थंड होताहेत, उलेंगची आई, जरा विचार कर!"

"पुन्हा गरम करीन. फिरवा."

शिव्या घालत, एकमेकांच्या पायांवर पाय देत, मक्याची ताटं तुडवत त्यांनी घर फिरवायला सुरुवात केली. खिडक्यांतून ऊन आत आलं आणि फळ्यांवरून हळूहळू सरकत गेलं. रस्ता दाराच्या चौकटीत येऊ लागला, आधी कड, मग अर्धा.

"बास?" सुपू ओरडला. राखेने तो पांढराफटक झाला होता.

"नाही," नूरचाया म्हणाली. "आणखी जरा."