कोरं झबलं

शनिवारी दुपारी वस्तीवरची पोरं आमच्या पडवीत जमतात. शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड गेली नाही. कधी त्यांना जात्यावर दळायला बसवते, कधी पाटीवर लिहायला लावते. त्या शनिवारी मी माळ्यावरची कोळशाची इस्त्री खाली काढली. पितळी, जड, झाकणाच्या खिटीवर छोटा कोंबडा.

"बाई, ह्याला चार्जिंग कुठं करायचं?" बंडूने विचारलं.

"चुलीत," मी म्हटलं.

पोरं हसली. मग मी त्यांना सगळं रीतसर दाखवलं. भाताच्या पेजेची खळ कशी करायची, पांढऱ्या कपड्याला नीळ किती द्यायची, वाळलेल्या कपड्यावर पाणी शिंपडून तो गुंडाळून का ठेवायचा. निखारे भरून झाकण लावलं, इस्त्रीचा तळ केळीच्या पानावर फिरवला. चर्र आवाज झाला, हिरवट वास सुटला आणि पोरं एकदम गप्प झाली. मला असं गप्प होणं फार आवडतं. काहीतरी आत शिरतंय, हे त्यावरून कळतं.

ती इस्त्री ठकुबाईंची. माझे यजमान आनंदराव यांच्या त्या आत्या. लवकर कुंकू पुसलं गेलं आणि त्या पोट घेऊन माहेरी परतल्या. मूल झालं, पण बारशापर्यंतही जगलं नाही. पुढे सगळ्या घराच्या कपड्यांना इस्त्री करणं हेच त्यांनी आपलं काम मानलं. मी सून होऊन आले तेव्हा त्यांनीच मला ते शिकवलं, पण माझं पाणी शिंपडणं त्यांना कधी पटलं नाही. "कापडाला आंगूळ घालतीस का गं?" असं त्या मागे बसून म्हणायच्या.

तान्ह्या बाळाच्या कपड्यांबाबत तर त्या फार कडक. दिवेलागणीच्या आत ते दोरीवरून निघालेच पाहिजेत. चुकून राहिले, तर गरम इस्त्री फिरवल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावायचे नाहीत. उघड्यावर त्यांना काय काय शिवून जातं, असं त्या म्हणत.

आता घरात तान्हं बाळ होतंच. माझी लेक शेफाली बाळंतपणाला आली होती आणि मुलगी झाली होती. बारसं पुढच्या आठवड्यात होतं.

पोरं गेली आणि पाठोपाठ पुण्याच्या पाहुण्यांच्या गाड्या आल्या. पानशेतच्या पाण्याकडे तोंड असलेल्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवारी भाड्याने देतो. चादरी, उशा, चहा यात तिन्हीसांज कधी झाली कळलं नाही. देवापाशी दिवा लावताना आठवलं: बाळाचे कपडे दोरीवरच आहेत.

धावत मागच्या दारी गेले. दोरी रिकामी होती.

कपडे शेफालीच्या बाजेवर, बाळाच्या पायाशी होते. झबली, दुपटी, टोपरं, सगळं इस्त्री केलेलं. हात लावला तर ऊन ऊन. झबल्यांच्या दोन्ही बाह्या छातीवर एकमेकींवर दुमडलेल्या, बंद आत खोचलेले. जणू हात जवळ घेऊन मूल झोपलंय. अशी घडी या घरात एकच बाई घालायची, आणि ती शेफालीच्या जन्माआधीच गेली होती.

"तू केलंस?" मी शेफालीला विचारलं.

"मला वाटलं तू केलंस. मला डोळा लागला होता, आई."

आनंदरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी? मला माझ्या रुमालाची घडी येत नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारची प्रेरणा विसरलेली पाण्याची बाटली न्यायला आली. दुसरीतली चुणचुणीत पोर. जाताना म्हणाली, "बाई, त्या इस्त्रीवाल्या आजी कुठंयत?"

"कुठल्या गं?"

"तुमी शिकवत व्हता तवा मागं बसल्या व्हत्या की. भिताडाला टेकून. लई हसत व्हत्या. म्हनल्या, तुमच्या बाईला अजून पानी शिंपडाया येत न्हाई."

मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तिला घरी पाठवलं.

त्यानंतर मी कपडे ऊन असतानाच आत घेऊ लागले. तरी सोमवारी बाळाच्या कपड्यांच्या चवडीत एक झबलं जास्त निघालं. मलमलीचं, जुनं, पिवळं पडलेलं, पण कोरं. बंदांना गाठीची एक सुरकुतीही नव्हती. मी ते ओळखलं. आत्याबाईंनी आपल्या बाळासाठी शिवलेलं आणि त्याला कधी न घातलेलं ते झबलं. जन्मभर त्यांच्या पेटीत होतं. त्या गेल्या त्या दिवशी, तिरडी उचलायच्या आधी, मीच ते त्यांच्या छातीवर ठेवलं होतं. त्यांच्याबरोबर जळून गेलेलं झबलं माझ्या हातात होतं, आणि ते गरम होतं.

शेफालीला काही न सांगता मी ते दगडाला बांधून धरणाच्या पाण्यात सोडून आले. मंगळवारी ते बाळाच्या उशाखाली होतं. कोरडं, घडी घातलेलं.

बाळ मात्र रडेनासं झालं. पाजायला घेतलं की शेफालीच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघायचं, आणि गालात हसायचं.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी शेफालीची किंकाळी ऐकून मी आत गेले. बाळ शांत पडलं होतं. त्याच्या उजव्या हातात त्या पिवळ्या झबल्याची एक बाही घातलेली होती. उरलेलं झबलं बाजूला पसरलेलं.

मी बाही काढून बाळाला तिच्या कुशीत दिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिला सगळं सांगितलं.

"आई, गाडी बोलव. मी आत्ताच्या आत्ता किकवीला जाते, सासरी," ती म्हणाली. "तिला माझं बाळ हवंय."

"पाण्यात बुडवलेलं झबलं माघारी आलं, शेफाली. ते किकवीला यायला किती वेळ लागेल?"

"मग काय, देऊन टाकू?"

मी त्या झबल्याकडे बघत राहिले. एकच बाही. ज्या हाताला एक बाही घालता आली, त्याला दुसरीही आली असती. मग तो का थांबला? वर्गात एखाद्या पोराचं गणित अर्धवट असलं की मी आधी विचार करते, याला येत नाही की याने मुद्दाम सोडलंय. आत्याबाई रीत मोडणाऱ्या नव्हत्या. तान्ह्याला कोरं कापड घालायचं नाही, आधी दुसऱ्या बाळाच्या अंगावरून उतरलेलं घालायचं, हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांचं झबलं कोरं होतं. त्यांना ते कुणाच्या तरी अंगावर बघायचं होतं, आणि माझ्या नातीच्या अंगावर त्यांनाच घालवत नव्हतं. पण त्या किती काळ थांबतील, हे मला सांगता येत नव्हतं.

"उद्यापर्यंत दम धर," मी म्हटलं. "तोवर तिला मांडीवरून खाली ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळणा सजला, बायका जमल्या. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला मुलासारखं सजवतात, पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात देतात, मग बाळाला घालतात. दगडासारखं आयुष्य मिळावं म्हणून. वरवंटा मी धुऊन पुसून घेतला आणि त्याला ते पिवळं झबलं घातलं. बंद बांधले. वर नातीचं टोपरं चढवलं.

प्रेरणाची आजी बनाबाई पाळण्याच्या पलीकडे उभी होती. ती हसली. "बाई, नवं कापड म्हाग झालं व्हय? ह्ये पिवळं कुठनं काढलं?"

"घरचंच आहे," मी म्हटलं आणि वरवंटा पाळण्यावरून तिच्या हातात दिला.

तिचं हसू तिथेच थांबलं. तिने नकळत तो छातीशी धरला, मान सावरतात तसा तळवा वर नेला. "अगं," ती हळूच म्हणाली, "ह्ये ऊन लागतंय."

"आता खालून दे."

वरवंटा पाळण्याखालून माझ्याकडे आला. मी तो हातात घेतला. दगडाचं वजन होतं, पण गारठा नव्हता. मला परत बनाबाईकडे द्यायचा होता. मी खाली वाकले, हात पाळण्याखाली घातले आणि वर्गातल्या मुलाशी बोलावं तसं, सावकाश म्हटलं, "आत्याबाई, हे तुमचं. अंगात घातलंय, बघा. शेफालीच्या मांडीवरची आमची आहे, तिचं नाव ठेवायचंय."

बनाबाई अजून वाकलीही नव्हती. तरी माझ्या हातातलं वजन उचललं गेलं. ओढलं नाही, हिसकावलं नाही. झोपलेलं मूल दुसऱ्याच्या हातातून घेतात, तसं अलगद.

मी रिकामे हात घेऊन उठले आणि शेफालीला म्हटलं, "घाल तिला पाळण्यात."

शेफालीने बाळाला पाळण्यात ठेवलं. किती दिवसांनी ते पहिल्यांदाच रडलं! टाहो फोडून, लालबुंद होऊन रडलं. बायका हसल्या. शेफाली त्याच्याबरोबर रडली.

नाव ठेवलं राजनंदिनी.

बायका पांगल्यावर मी आणि बनाबाईने पाळण्याखाली, बाजेखाली, सगळीकडे बघितलं. वरवंटा नव्हता. आनंदराव म्हणाले, "दगड कोण चोरून नेणार?" प्रेरणा उंबऱ्यावर बसून घुगऱ्या खात होती. तिने मान वर न करता सांगितलं, "त्या आजी घेऊन गेल्या की. कडंवर. मागच्या दारानं."

पाटा अजून मागच्या दारी भिंतीला टेकून एकटाच उभा आहे. बनाबाई म्हणते जत्रेतून नवा वरवंटा आणू. मी नको म्हणते. वाटणाला मिक्सर आहे.

राजनंदिनीचे कपडे ऊन कलायच्या आत मीच काढते. शनिवारी पोरं हट्ट धरतात, म्हणून कधीकधी ती इस्त्रीही पेटवते. त्यांची तोंडं माझ्याकडे असतात. माझ्या पाठीमागे भिंत असते, आणि तिकडे मी वळून बघत नाही. बोटांच्या टोकांनी, अगदी बेताने पाणी शिंपडते.