फिकं अक्षर

ताईने तिसरी पारदर्शक फिल्म आधीच्या दोन फिल्मांवर ठेवली आणि कोपऱ्यातल्या फुल्या जुळेपर्यंत ती नखाने सरकवत राहिली. काचेच्या टेबलाखाली दिवा होता. वर मोहरी सांडल्यासारखे नुसते काळे ठिपके.

"दिसलं काही?" दादाने विचारलं.

"कप्पाळ!"

बाबा आयुष्यभर गुप्तलेखनाचं गणित शिकवत आले. आईच्या आवाजाची सगळी रेकॉर्डिंग त्यांनी कुलूपबंद करून ठेवली आणि ती उघडणारा शब्द ठिपक्यांत फोडून तिघा मुलांना एकेक फिल्म दिली. तिन्ही एकावर एक ठेवल्या की शब्द नुसत्या डोळ्यांना दिसणार. आधी ताई आणि दादासाठी दोनच फिल्मा होत्या. धाकटा भांडून घराबाहेर पडला, तेव्हा बाबांनी हट्टाने सगळं नव्याने करून तिसरी त्याला पाठवली. फिल्म वाढली की अक्षर फिकं पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण जाड चष्म्यांच्या या पोरांना ते दिसेल का, हे त्यांना कोण विचारणार?

दादाने भिंग लावून पाहिलं. मोबाइलने फोटो काढला, तर त्यात नुसत्या पट्ट्या आल्या. धाकटा काचेला नाक टेकवून बसला होता.

"बाबांना द्यायचंच नव्हतं," तो म्हणाला. "निदान मला तरी. उगाच आलो."

"आलास ना? मग बस गप्प," ताई म्हणाली.

बाबांचं दुखणंखुपणं शेवटपर्यंत ताईनेच काढलं होतं. शब्द आपल्यावरूनच असणार, असं तिला वाटत होतं. वाटत कसलं, खात्रीच होती. बोलली नव्हती कुणाला, एवढंच.

तिचे डोळे चुरचुरायला लागले. चष्मा काढून तिने ते चोळले, खुर्चीत मागे रेलली आणि सहज टेबलाकडे पाहिलं. ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते. करड्यावर करडं, पण स्पष्ट: ढब्बू.

धाकट्याला या नावाने फक्त बाबा हाक मारायचे.

तिने घाईघाईने चष्मा चढवला. पुन्हा नुसते ठिपके. काही न करता मिळालं याला! तिला रडू आलं, रागही आला.

"नाहीच दिसत ना?" दादा म्हणाला. "आवरायचं का मग?"

तिने नुसती होकारार्थी मान हलवली असती, तरी सगळं तिथेच संपलं असतं.

"थांब जरा." तिने धाकट्याला उठवून आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "एवढं नाक खुपसलंस तर काय दिसणार? मागे रेल. आता बघ."

धाकटा मागे रेलला. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अरे, काय आहे? सांगा की कुणीतरी!" दादा म्हणाला.

"तोच सांगेल," ताई म्हणाली. "त्याचंच आहे ते."