हललेले चौकोन

कुणाचं भलं करायला निघालेल्या माणसापासून जरा जपूनच राहावं. टॅबवाली अशीच भलं करायला निघाली होती, आणि आता दुसरीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

टॅबवाली हे नाव शिक्षकांनीच ठेवलेलं. शाळाशाळांतून हिंडायचं, बाईमास्तरांना टॅब, बोलणारी पुस्तकं, असलं सगळं वापरायला शिकवायचं, हे तिचं काम. या शाळेत तिच्याकडे दोन वर्ग होते. एक हा दुसरीचा, पोरांनी गच्च भरलेला. दुसरा शेजारचा, विशेष मुलांचा. तिथं मोजकीच पोरं आणि त्यांना शिकवणारी ताई.

त्या ताईच्या वर्गातली भिंगरी आज पहिल्यांदा दुसरीत बसली होती. सारखी गिरक्या घेते म्हणून भिंगरी. पोरगी तोंडानं बोलत नाही. तिच्या टॅबवर चित्रांचे चौकोन आहेत, चौकोन दाबला की टॅब बोलतो. पाणी. बाहेर. मला येतं. पुन्हा सांगा. मुख्याध्यापकांनी एक तास दिला होता. "जमलं तर रोज बसेल. नाही जमलं तर यंदा हा विषय परत काढायचा नाही," असं म्हणून ते स्वतःच शेवटच्या बाकावर येऊन बसले होते, हाताची घडी घालून.

दुसरीच्या बाईंनी विचारलं, "सात आणि पाच किती? कोण सांगणार?"

भिंगरी फळ्याकडं बघत होती. तिचं बोट सरळ टॅबच्या वरच्या कोपऱ्यात गेलं. टॅब म्हणाला, "मला घरी जायचंय."

वर्ग फिदीफिदी हसला.

"अगं, आत्ताच तर आलीस," बाई म्हणाल्या. "बस की जरा."

भिंगरीनं पुन्हा तिथंच दाबलं, जोर लावून. "मला घरी जायचंय." मग बोट खाली सरकलं. "पोट दुखतंय."

"पोर स्वतःच सांगतेय," मुख्याध्यापक मान वळवून टॅबवालीला हळूच म्हणाले. "आपण कशाला ओढाताण करायची तिची?"

काल शाळा सुटल्यावर टॅबवालीनंच ते चौकोन आवरले होते. दुसरीच्या बाईंना पटकन सापडावेत म्हणून खाण्यापिण्याचे एका ओळीत, दुखण्याखुपण्याचे एका ओळीत, सगळं कसं टापटीप. ताई घरी गेली होती. एवढ्या-तेवढ्याला तिला कशाला विचारायचं? आता टॅबवालीला दिसलं, भिंगरी चित्रं बघतच नाही. बोटाला जागा पाठ आहेत. नव्या सुनेनं फडताळातले डबे हलवावेत आणि सासूनं सवयीनं आमटीत साखर घालावी, तशी गत. फरक एवढाच, की सासू भांडून तरी घेते.

सांगावं का? मुख्याध्यापकांचा आधीच टॅबवर राग. ते म्हणणार, उचला तुमची खेळणी आणि चालू लागा. मग शेजारच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांचेही टॅब जाणार. बाईंनी दुसरं गणित घातलं. भिंगरीनं दाबलं, टॅब म्हणाला, "केळं." वर्ग पुन्हा हसला, आणि भिंगरीनं आपलं मनगट तोंडात घालून कचकन चावलं.

"सर, तिला घरी नाही जायचंय," टॅबवाली बोलून गेली. "तिथं 'मला येतं' होतं. मी काल जागा बदलल्या. न विचारता."

मुख्याध्यापकांनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. "मग जुनं करा परत."

"जुनं कुठं साठवून ठेवलेलंच नाही, सर."

"वा. आणि तुम्ही शिक्षकांना शिकवता."

बाईंनी ताईला बोलावून घेतलं. ताई आली, तिनं आधी भिंगरीचं मनगट तोंडातून सोडवून हातात धरलं, मग टॅब पाहिला. "अगं बये," ती टॅबवालीला म्हणाली, "माझ्या लेकराची जीभ काढून तू कानाला लावलीस की."

तास संपल्याची घंटा झाली. मुख्याध्यापक उठले, दारापाशी थांबले. "उद्या याच तासाला परत बघतो. त्यानंतर नाही. आणि उद्या यांना वर्गात घ्यायचं नाही," टॅबवालीकडं बोट करून म्हणाले आणि गेले.

शेजारच्या वर्गात तिघी जमिनीवरच बसल्या. टॅबवालीनं टॅबचा पडदा रिकामा केला. ताईला जेवढं आठवत होतं तेवढं भराभर लागलं: वरच्या कोपऱ्यात 'मला येतं', त्याच्याखाली 'पुन्हा सांगा', कडेला 'पाणी'. मग ताईही अडली.

"मी कधी जागा बघितल्याच नाहीत गं," ती म्हणाली. "मी तिचं ऐकत होते."

टॅबवालीनं अंदाजानं एक चित्र उचलून मधोमध ठेवायला घेतलं. भिंगरीनं तिचं बोट धरलं, पडद्यावरून उचललं आणि तिच्याच मांडीवर नेऊन ठेवलं. मग स्वतःचं बोट एका रिकाम्या चौकोनावर टेकवलं आणि दोघींच्या तोंडाकडं बघत बसली.

"इथं काय होतं? बाहेर?" ताईनं विचारलं.

बोट हललं नाही.

"भूक?"

नाही.

"दमलीस?" टॅबवालीनं विचारलं, हात मांडीवरच ठेवून.

बोट तिथंच होतं. भिंगरी वाट बघत होती.