पावातलं बाळ

"बाळ कुणाला आलं?" यारेलीनं तिसऱ्यांदा विचारलं. पाव तर संपला! अकरा पोरं, अकरा तुकडे, आणि बोटाच्या पेराएवढं चिनीमातीचं बाळ गायब. तिनं स्वतःच्या हातानं कणकेत खुपसलं होतं हो!

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या त्या शाळेत ती दर बुधवारी स्पॅनिश शिकवायची. आज तीन राजांच्या सणाचा गोड पाव, अगदी मेक्सिकोत, पुएब्लातल्या घरी करतात तसा. ज्याला बाळ सापडेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना घरी बोलवायचं, मक्याच्या पानात उकडलेले तामालेस खाऊ घालायचे. वर तिनं रंगवून सांगितलं होतं, की आमचा मामा आमंत्रण टाळायला दरवर्षी बाळ गालात लपवतो!

"लोकेनं गिळलं, तो चावतच नाही!" स्वेया ओरडली.

"तूच गिळलंस, ढमे!"

सगळी खिदळली. एक सोडून. सात वर्षांची तिंद्रा. ओठ गच्च मिटलेले, एक गाल फुगलेला.

"तिंद्रा, थुंक! आत्ताच्या आत्ता!"

ओरडायला नको होतं. पोरगी दचकली, तिनं श्वास आत ओढला आणि बस्स. खोकला नाही, रडणं नाही, काहीच आवाज नाही. नुसते हात गळ्याशी.

यारेलीनं बाक ढकलला, तिला वाकवलं आणि पाठीत धपाटे घातले. एक. दोन. ओठ निळे पडायला लागले. तीन. देवा, हिच्या आईला काय सांगू? चार. पाचव्याला फरशीवर टक्कन आवाज झाला.

तिंद्रानं श्वास घेतला. यारेली तिला धरून मटकन खालीच बसली.

"अगं, पण का? का असं केलंस?"

"तू सगळ्यांना आमच्या घरी पाठवशील," तिंद्रा हुंदके देत म्हणाली. "बाबांना आवाज सहन होत नाही. मग ते दार लावून घेतात. दोन-दोन दिवस बाहेरच येत नाहीत."

स्वेयानं बाळ उचललं, पँटला पुसलं. "हे माझ्या तुकड्यात होतं. माझ्याकडे या सगळे."

"खोटारडी," लोके हळूच म्हणाला. "किती वाजता यायचं?"

यारेलीचा हात तिंद्राच्या पाठीवरच होता. श्वास चालू आहे ना, तेवढंच ती बघत होती.